वेस्लीचं कोपर

शनिवारी सकाळी नऊ वाजता मर्ल टेश गळ्यात शिट्टी अडकवून शाळेच्या मैदानावर उभा होता आणि वेस्ली कुबिकचं कोपर बघत होता. कोपर खाली होतं. ते खांद्याच्या वर असायला हवं होतं.

आदल्या रात्री अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात क्लोव्हरटन हायस्कूलच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याचं, खांद्याचं हाड मोडलं होतं. दोन वर्षं बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळलेला वेस्ली येत्या शुक्रवारी बेंटली हायस्कूलविरुद्ध पहिल्यांदा मैदानात उतरणार होता. बेंटलीकडून कोच मर्लचा संघ सलग पाच वर्षं हरला होता. त्यानंतरच्या सोमवारी शाळा मंडळाची सभा होती, आणि मंडळाच्या अध्यक्षा होल्टबाईंनी त्याला मैदानाच्या फाटकाशीच गाठलं होतं.

"मर्ल, तू भूगोल छान शिकवतोस," त्या म्हणाल्या होत्या. "यंदाही बेंटलीकडून हरलास, तर पुढे तेवढंच शिकव."

वेस्ली ताकदीला कमी नव्हता. नवव्या वर्षापासून बापाच्या शेतात गवताचे भारे ट्रेलरवर भिरकावत आल्यामुळे तो चेंडूही तसाच फेकायचा: कमरेपाशी नेऊन, एक दणदणीत हेलकावा देऊन. चेंडू साठ यार्ड जायचा. कोणत्या दिशेला, हे मात्र चेंडूच ठरवायचा.

मर्लने त्याला गुडघ्यांवर बसवलं, म्हणजे पायांची भानगड नको. मग हातातला चेंडू काढून टॉवेल दिला, म्हणजे चेंडूचीही भानगड नको. कोपर नीट दिसावं म्हणून सगळं टॅबलेटवर टिपून घेतलं. दोन तास वेस्ली गुडघ्यांवर बसून हवेत टॉवेल झटकत राहिला. मग त्याला चेंडू दिले. पहिला शेजारच्या मक्यात गेला. दुसराही मक्यातच गेला. तिसरा, ते दोन शोधून मक्यातून बाहेर येणाऱ्या मर्लच्या पोटात बसला.

"सॉरी, कोच!"

"कोपर?" मर्लने वाकलेल्या अवस्थेतच विचारलं.

"वर होतं, कोच."

"मग ठीक आहे."

त्या संध्याकाळी मर्लने आणखी एक काम उरकलं. तिकडे रिवाज असा, की सामन्याआधी दोन्ही संघांनी आपापल्या मागच्या सामन्याचं चित्रण एकमेकांना पाठवायचं. म्हणजे सगळं कसं सभ्यपणाने होतं आणि मग शुक्रवारी एकमेकांना आडवं करता येतं. मर्लने बटण दाबलं आणि तो निवांत झाला.

सोमवारी सकाळी सहाला कॉफीच्या टेबलावर गाव जमलं. "कोपर काय घेऊन बसलास?" व्हर्न न्हावी म्हणाला. तो एकेचाळीस वर्षांपूर्वी स्वतः क्वार्टरबॅक होता आणि ते कुणाला विसरू देत नसे. "सगळा खेळ डाव्या अंगठ्याचा. पायाच्या."

"चूक," गुरांचा डॉक्टर म्हणाला. "जोर येतो तो कमरेतून. कुठलाही घोडा बघ."

"घोडे चेंडू फेकतात का?"

"व्हर्न, तुझ्यापेक्षा बरा फेकतील."

मर्लने दोघांचंही ऐकलं, कारण दोघांचेही नातेवाईक शाळा मंडळावर होते. वेस्लीच्या बापाने, रोलंड कुबिकने, तर घरी पोराच्या टोपीपासून कोपरापर्यंत भाऱ्यांची सुतळीच बांधली. पोरगा झोपताना ती सोडायचा, एवढंच. चेंडू हाती घेतला, की तो मनातल्या मनात म्हणायचा: अंगठा, कंबर, खांदा, कोपर. तोवर चेंडू कुणाला द्यायचा होता ते विसरून जायचा.

मंगळवारी मर्लची बायको आर्लीन टॅबलेट चाळता चाळता थांबली.

"मर्ल, मागच्या सामन्याचं चित्रण तर इथंच पडलंय. मग बेंटलीला तू पाठवलंस काय?"

मर्लने पाहिलं. मग खुर्ची ओढून पुन्हा पाहिलं. बेंटलीला गेला होता टॉवेल. मका गेला होता. मर्लचं पोटही गेलं होतं.

तो मुळात सरळ माणूस. त्याने लगेच बेंटलीच्या कोचला, ड्वेन ओस्टरला, फोन लावला.

"ड्वेन, शनिवारी मी चुकून तुला भलतंच पाठवलं रे."

"बघितलं की. तीनदा बघितलं."

"तो आमचा नवा क्वार्टरबॅक. पोरगा खरंच तसा फेकतो."



"मर्ल, पाच वर्षं आम्ही तुला बडवतोय," ड्वेन म्हणाला. "आणि आता तू मला दाखवतोस, की तुझा पोरगा गुडघ्यांवर बसून टॉवेल झटकतो. वर फोन करून सांगतोस, की हे चुकून आलं!"

"देवाशपथ खरं सांगतोय."

"शपथही घेतोस? मग पोरगा भलताच तयार असणार. बरा भेटलास, दोस्ता!"

फोन बंद झाला. मर्लने रिवाजाप्रमाणे खऱ्या सामन्याचं चित्रणही पाठवून दिलं. त्यात वेस्ली एकदाच दिसत होता, एका गड्याला पाण्याची बाटली फेकून देताना. ड्वेनने म्हणे तेवढाच तुकडा रात्रभर पाहिला. बाटली अचूक पोचली होती.

इकडे बुधवारी चर्चमधल्या जेवणाला पाद्रीबाबांनी वेस्लीकडे मीठ मागितलं. वेस्लीने डावा अंगठा वळवला, कंबर फिरवली, खांदा रोखला, कोपर वर नेलं. मिठाची बाटली बाबांच्या घेवड्याच्या सूपमध्ये बुडाली आणि सूप बाबांवर आलं.

"जोर आहे पोरात," बाबा डोळे पुसत म्हणाले. गुरुवारी सरावात एक चेंडू शाळेच्या बँडच्या सर्वांत मोठ्या कर्ण्याच्या तोंडात जाऊन अडकला. तो वाजवणारी मुलगी सूर का निघत नाही म्हणून बराच वेळ फुंकत राहिली. त्या रात्री मर्लने भूगोलाचं पुस्तक काढून पुढचे दोन धडे वाचून ठेवले.

शुक्रवारी सामना सुरू झाला. पहिला चेंडू वेस्लीच्या हातात आला आणि बेंटलीचे गडी पाठ फिरवून धावत सुटले, थेट चाळीस यार्ड मागे. लांब पल्ल्याच्या त्या भयंकर फेकीची वाट बघत ते तिथे दबा धरून उभे राहिले.

अंगठा, वेस्ली पुटपुटला. कंबर. खांदा.

"कोपर!" बाजूच्या रेषेवरून मर्ल ओरडला.

पण वेस्लीचं लक्ष समोर गेलं होतं. समोर कुणीच नव्हतं, आणि या खेळात चेंडू न फेकता तो घेऊन पळालं तरी चालतं. त्याने चेंडू काखेत मारला आणि आधी चालत, मग संशय फिटल्यावर धावत निघाला. गवताच्या भाऱ्यांवर पोसलेला तो गडी मागे थांबलेल्यांपैकी अंगाला लोंबकळलेल्या तिघांना ओढत मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचला आणि गुण मिळाले.

मध्यंतरात पातळ भिंतीपलीकडून ड्वेनचा आवाज येत होता. "हेच हवंय त्याला! आपल्याला पुढे ओढून मग तो लांब फेकणार! कुणीही जागा सोडायची नाही!"

कुणीही सोडली नाही. क्लोव्हरटनने अठ्ठावीस विरुद्ध चौदाने सामना जिंकला. वेस्लीने चार वेळा टोकाची रेषा ओलांडली. संपूर्ण सामन्यात त्याने एकही चेंडू फेकला नाही.

गावच्या साप्ताहिकाने आकडे तपासून ठळक अक्षरांत छापलं: "कुबिकची एकही फेक चुकली नाही." सोमवारच्या सभेत होल्टबाईंनी ते उभं राहून वाचून दाखवलं आणि एका आठवड्यात पोराचं फेकण्याचं तंत्र घडवल्याबद्दल मर्लला आणखी दोन वर्षं कोच म्हणून ठेवलं. व्हर्नने टाळ्या वाजवताना डावा अंगठा वर करून दाखवला, पण तो बुटात असल्याने कुणाला दिसला नाही. रात्री ड्वेनचा फोन आला. जानेवारीत जिल्ह्यातले सगळे कोच जमणार होते. मर्लने फेकीच्या तंत्रावर तासभर बोलावं, अशी विनंती होती.

मंगळवारी दुपारी वेस्ली चेंडू घेऊन मैदानावर हजर झाला.

"कोच, या शुक्रवारी फेकून बघू का एखादा?"

मर्लने चेंडू त्याच्या हातातून हळूच काढून घेतला.

"वेस्ली, बाळा," तो म्हणाला, "इतक्या मेहनतीने कमावलेलं तंत्र असं लोकांसमोर वापरायचं नसतं."