तपासराव आणि टोचलेले चेंडू

"हा काय खेळ आहे? कपडे धुवायची थापी घ्यायची आणि चेंडूच्या थोबाडीत मारायची! मला फक्त एक आठवडा द्या. या सगळ्या म्हाताऱ्यांना पाणी पाजतो की नाही ते बघाच!"

तपासरावांनी ही घोषणा भोजनगृहात केली, भर नाश्त्याला, तोंडात टोस्ट असताना. स्वतः त्यांनी सत्तरी कधीच ओलांडली होती. पण म्हातारे म्हणजे बाकीचे, हे त्यांचं ठाम मत होतं.

तपासराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. जन्मभर ते टायरच्या कारखान्यात तपासनीस होते. टायर समोर आला की ठोकायचा, दाबायचा, हुंगायचा आणि बाजूला फेकायचा. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. निवृत्तांच्या या वसाहतीत राहायला आल्यावर त्यांनी लिफ्ट, गाद्या, बागेतले बाक, सूप आणि शेजारी असे क्रमाने तपासले आणि सगळे नापास केले. बायकोची तपासणी तर लग्नापासून चालूच होती. चहा पांचट, इस्त्रीची घडी वाकडी, दार लावलं तर फार जोरात, हळू लावलं तर नीट लागलं नाही! त्या भूगोलाच्या शिक्षिका होत्या, आणि नवरा सोडून सगळे त्यांना बाई म्हणत. इतकी वर्षं बाईंनी ऐकून घेतलं. मग वसाहतीत पॅडल टेनिसचं कोर्ट झालं आणि बाई रोज संध्याकाळी बूट घालून बाहेर पडायला लागल्या.

पॅडल टेनिस म्हणजे टेनिसचं धाकटं भावंड. कोर्ट लहान, जाळी बुटकी, बॅट जाड फळीची, आणि सर्व्हिस कमरेखालून करायची. गुडघे कुरकुरणाऱ्यांना झेपेल असा खेळ. बाई चांगल्या खेळत. वर्षभर तपासराव कोर्टाच्या दाराला टेकून नाकं मुरडत उभे राहिले, आणि शेवटी त्या टोस्टच्या घोषणेनंतर बायकोचे जोडीदार म्हणून स्वतःच उतरले.

"अगं, बॅट अशी धरतात? तो काय नकाशा आहे?"

"अहो, चेंडू तुमच्याकडे येत होता."

"येत होता, पण उडाला का? तू मारतेसच असं की चेंडूचा जीव जातो!"

"सगळ्यांचा चेंडू तेवढाच उडतो."

"मग सगळेच चुकतायत!"

पहिला डाव संपायच्या आत बाईंनी बॅट बाकावर ठेवली. "तुमच्याबरोबर संसार केला तेवढा पुरे झाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "खेळ मी दुसऱ्या कुणाबरोबर खेळेन."

हे दुसरं कुणी म्हणजे शेजारचे दातांचे डॉक्टर. निवृत्त, उंच, सडपातळ, खिशात घडी मोडू न दिलेला रुमाल. त्यांचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे ते बोलत नसत. बाईंचा चेंडू जाळीत गेला की ओठ मिटून हसत आणि मान डोलावत. संपलं!

"किती सोशिक माणूस!" बाई घरी येऊन सांगायच्या. "मी कितीही चुकले तरी एक अक्षर बोलत नाहीत. अशी माणसं असतात हो जगात!"

शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते कळायला तपासनीस असण्याची गरज नव्हती. तपासरावांना ते झोंबलं. खरं सांगायचं तर खेळाचं त्यांना काही पडलं नव्हतं. संध्याकाळी खोलीत एकट्यानं चहा पिताना त्यांना मुळीच करमत नसे, आणि चहा पांचट आहे हे तरी सांगायचं कुणाला? त्यांना बायकोच्या शेजारची ती जागा परत हवी होती. पण हे कबूल करण्यापेक्षा ते कोर्ट गिळून दाखवतील असा माणूस! म्हणून त्यांनी डॉक्टरांमध्ये खोट शोधायला सुरुवात केली.

आणि खोट सापडली! वसाहतीच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी वसाहत घोरत असताना तपासराव कोर्टाशेजारच्या सामानाच्या खोलीपाशी आले. दार अर्धवट उघडं होतं. आत डॉक्टर स्टुलावर बसलेले. एका हातात नवा कोरा चेंडू, दुसऱ्या हातात लांब सुई! त्यांनी सुई चेंडूत खुपसली, चेंडू कानाशी नेऊन दाबला, समाधानानं मान डोलावली आणि तो टोपलीत टाकला. मग दुसरा घेतला.

तपासराव दाराशी उभ्या केलेल्या झाडूंच्या आड लपले. सगळा उलगडा झाला! म्हणून चेंडू उडत नव्हता! म्हणून आपला खेळ फसला! म्हणून बायको गेली! दुसरा कुणी असता तर त्यानं आत जाऊन विचारलं असतं, "डॉक्टर, हे काय करताय?" पण विचारतात ते साधे लोक. तपासनीस पकडतो.

ते तडक शिट्टीबाईंकडे गेले. क्रीडा समितीचा सगळा कारभार त्यांच्या हाती. गळ्यात शिट्टी चोवीस तास. तपासरावांच्या तक्रारी ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

"सामानात मोठी खोट आहे," तपासराव कुजबुजले. "एक माणूस आतून पोखरतोय. नाव उद्या सगळ्यांसमोर सांगतो."

"बरं," शिट्टीबाई खुर्च्या मांडता मांडता म्हणाल्या. त्यांना वाटलं, हे पुन्हा बाकांच्या वाळवीबद्दल बोलतायत.

"खराब माल काढून चांगला ठेवू का?"

"काका, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पण आत्ता मला खुर्च्या लावू द्या!"

झालं! लेखी नाही, पण परवानगी मिळाली. तपासरावांनी बाजारात जाऊन टेनिसचे अव्वल चेंडू आणले. एकेक चेंडू दाबला, हुंगला, खोलीत आपटला. प्रत्येक चेंडू छताला लागून आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कशालातरी पास केलं! संध्याकाळी टोपलीतला माल बदलला आणि टोचलेले चेंडू पुरावा म्हणून पिशवीत भरून ठेवले.

सामन्याला अख्खी वसाहत लोटली. तशीही तिथे कुणाला दुसरी कामं नव्हती. एका बाजूला बाई आणि डॉक्टर. दुसऱ्या बाजूला दोघी बहिणी, थोरल्या आणि धाकट्या, दोघी मिळून दीडशे वर्षांच्या. तपासराव मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसले.

थोरल्यांनी नेहमीसारखी अलगद सर्व्हिस केली. चेंडू जमिनीवर पडला आणि जो उसळला तो डॉक्टरांच्या डोक्यावरून, कुंपणावरून, पार बागेत!

"अरेच्चा!" सगळे ओरडले.

"थोरल्या, काय खाऊन आलात?" मागून कुणीतरी विचारलं.

दुसरा चेंडू बाईंनी रोजच्या ताकदीनं टोलावला. तो भोजनगृहाच्या उघड्या खिडकीतून आत गेला. आतून 'डुबुक' असा आवाज आला आणि पाठोपाठ पळी घेतलेला स्वयंपाकी बाहेर आला. त्याच्या भुवयांवरून सूप ओघळत होतं.

"कुणाचा आहे हा?" त्यानं विचारलं. एवढं सूप समोर असूनही कुणी पुढे झालं नाही.

तिसरा चेंडू धाकट्यांनी घाबरून, डोळे मिटून मारला. तो डॉक्टरांच्या पायाशी आपटला आणि सरळ वर येऊन त्यांच्या हनुवटीखाली बसला. फाट्! काहीतरी पांढरं हवेत उडालं, जाळीवर आपटलं आणि खाली पडून दुभंगलं.

"चेंडू फुटला!" लोक ओरडले.

शिट्टीबाईंनी ते उचललं आणि तसंच हातभर लांब धरलं. "अहो, हे दात आहेत!"

दातांच्या डॉक्टरांची कवळी! वसाहत इतकी हसली की दोघातिघांनी स्वतःच्या कवळ्या हातानं धरून ठेवल्या. डॉक्टर घडी न मोडलेला रुमाल अखेर मोडून तोंडावर धरून उभे होते.

"म्हणजे डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या, "मी चुकले की तुम्ही गप्प राहायचात, ते..."

"थैल होती हो," डॉक्टर रुमालाआडून म्हणाले. "कवली थैल होती. तोंड उघललं की पलायची. नाहीतल बोलायला पुष्कल होतं!"

बाईंचा चेहरा पडला. इकडे शिट्टीबाई टोपलीतला चेंडू दाबून बघत होत्या. "हे चेंडू कुणी आणले? हे टोचलेले नाहीत!"

हाच तो क्षण! तपासराव उठले, पिशवी कोर्टावर उपडी केली आणि बोट रोखून गरजले, "मी आणले! कारण हा माणूस सुईनं चेंडूंना भोकं पाडतो. मी डोळ्यांनी पाहिलंय! हा घ्या पुरावा!"

टाळ्या पडतील म्हणून ते थांबले. कुणी वाजवल्या नाहीत.

"मग?" धाकट्या म्हणाल्या. "ते काम समितीनंच दिलंय त्यांना. सुई त्यांच्याइतकी नीट कोण टोचणार?"

"काका," शिट्टीबाई म्हणाल्या, "पॅडल टेनिसचा चेंडू टोचूनच खेळतात. हवा कमी केली नाही तर एवढ्याशा कोर्टात तो राहील का? पहिलाच नियम आहे. दारावर पाटी आहे."

तपासरावांनी दाराकडे पाहिलं. हातभर अक्षरांत पाटी होती. वर्षभर ते रोज त्याच पाटीला पाठ टेकून लोकांचा खेळ नापास करत उभे होते! त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण तीही त्यांनी कधीतरी नापास केलेलीच असणार.

"डॉक्टर आता खेळू शकत नाहीत, बाईंना जोडीदार नाही, म्हणजे दोघी बहिणी विजयी," शिट्टीबाईंनी जाहीर केलं.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "अहो, बॅट उचला. दात तुमच्यामुळे गेले, आता त्यांच्या जागी तुम्हीच उभे राहा. फक्त एक अट आहे. तोंड उघडायचं नाही. एक शब्द आला की मी घरी चालले."

टोचलेले चेंडू परत आले आणि सामना सुरू झाला. त्याला सामना म्हणणं हा खेळाचा अपमान आहे. तपासरावांनी पहिला चेंडू सोडला, दुसरा हुकवला, तिसरा स्वतःच्याच बायकोच्या पाठीत मारला. दोघी बहिणी दमायला नको म्हणून जागच्या जागी उभ्या राहून जिंकत होत्या. मग बाईंनी अगदी सोपा, पोरानंही मारला असता असा चेंडू जाळीत घातला.

तपासरावांचं तोंड उघडलं. मिटलं. गाल फुगले. चेहरा लाल झाला, मान थरथरली, डोळे बाहेर आले. पण शब्द आला नाही! बाईंनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या हसू लागल्या. बॅटवर रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तपासरावांना आठवेना की आपल्यामुळे ही शेवटची कधी हसली होती. ते सपशेल हरत होते आणि कमालीचे खूश होते.

"उद्या खेळायचं?" परतताना त्यांनी दबकत विचारलं.

"खेळू," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांची नवी कवळी येईपर्यंत. गप्प बसून का होईना, ते खेळतात चांगलं. आणि त्यांना कवळीवाल्याकडे तुम्हीच घेऊन जायचं."

दुसऱ्या दिवशी तपासराव डॉक्टरांना घेऊन गेले. कवळीवाल्यानं माप घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "तातडीनं हवी असेल तर संध्याकाळपर्यंत देतो."

"छे छे!" तपासराव घाईघाईनं म्हणाले. "चांगल्या कामाला वेळ लागतोच. तुम्ही आपलं सावकाश करा!"