हडळीचा दोर

"मत द्यायचं नाही," मुकुटबनचा फाटा येण्यापूर्वी शुभदाबाईंनी तिसऱ्यांदा बजावले. "छान आहे म्हणायचं आणि चहा प्यायचा. आपल्या गुंजनचं लग्न जमत आलंय, ते तुमच्या जिभेनं मोडू नका."

सदाशिवरावांनी मान हलवली. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे फिटरचा वर्ग घेतलेल्या माणसाला मत गिळणे सोपे नसते.

होणारे व्याही रामराव यांनी बावीस वर्षांपूर्वी, लग्नाचे चित्रण करणाऱ्याचा कॅमेरा मागून आणून, स्वतःच्या शेतात 'कपाशीतली हडळ' नावाचा चित्रपट काढला होता. चित्रगृहात तो कधी लागला नाही. मात्र पेनड्राइव्हवरून वसतिगृहांत आणि घराघरांत पोहोचला. भयपट असूनही लोक तो हसण्यासाठीच पाहत. म्हणून रामराव पाहुण्यांना आधी चित्रपट दाखवत आणि मगच बोलणी करत. त्यांच्या मुलाच्या, पियुषच्या, आधीच्या स्थळाचे मामा हडळ दिसताच खो-खो हसले होते. त्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

पूर्वतयारी म्हणून सदाशिवरावांनी तो घरी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा विहिरीच्या प्रसंगी थांबवून टीव्हीला भिंग लावले होते.

रामरावांच्या बैठकीत पियुषने रिमोट दाबला. रामराव पडद्याकडे पाठ करून पाहुण्यांचे चेहरे पाहत बसले. केस सोडलेली हडळ विहिरीतून डुलत वर आली. शुभदाबाईंनी ओठ घट्ट मिटले. सदाशिवरावांनी खुर्चीचा हात आवळला.

"भेव वाटला ना, सर?" रामराव खुलले.

"छान आहे," सदाशिवराव म्हणाले. शुभदाबाईंनी सुटकेचा श्वास घेतला. "पण..."

शुभदाबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"पण ही बाई एकाच दोरावर लटकते आहे! कमरेला एकच गाठ. कप्पी तिरपी, दोर काठाला घासतोय. दुसरा आधाराचा दोर कुठे आहे?"

"सर, हा सिनेमा हाये. लिफ्ट नाही."

"म्हणून काय झालं? बाई पडली असती! कोण होती ती? सुखरूप आहे ना?"

चहा घेऊन आलेल्या रामरावांच्या पत्नी विमलताईंनी ट्रे खाली ठेवला. "मीच होये ते," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली जी, हडळीले सारे हसले. हडळीची कंबर दुखते का, हे कोणी नाही विचारलं."

विमलताईंनी कप पुढे केला. "पण दोर चार जणायनं धरला होता, सर. काई धोका नव्हता."

"चार नाहीत," सदाशिवराव अजाणतेपणी शिकवण्याच्या सुरात गेले. "चौघांनी ओढला तर दोर सलग येतो. हा हातभर येऊन थांबतो. एकच माणूस आहे."

विमलताई वळल्या. "काहो? तुमी तं धावजी अन् रामलालचं नाव सांगतलं होतं!"

"वेचणी चालू होती," रामराव पुटपुटले. "सारे कापसात गेलते."

"मंग कॅमेरा कोण धरला?"

"बाभळीले बांधला."

"अन् दोर?"

"मी."

"एकट्यानं? सुटला असता तं?"

शुभदाबाईंना परतीचा रस्ता दिसू लागला. स्थळ तर गेलेच, वर यांचा संसारही मोडला. पियुषने रिमोट मांडीखाली लपवला.

रामरावांनी दोन्ही तळवे उघडले. दोन्हींवर आडवा, पांढरा व्रण होता.

"हे तं बैलाच्या कासऱ्यानं कापलं म्हणत होते तुमी!"

सदाशिवरावांनी चष्मा सावरला. रामरावांचा एक हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि वर्गात पोरांनी घासून आणलेला जॉब तपासावा तसा उजेडाकडे धरून पाहिला. "दोर सरकला," ते हळूच म्हणाले. "कातडी गेली, पकड सुटली नाही. रामराव, यात मला एकही चूक काढता येत नाही."

रामरावांनी खिडकीबाहेर पाहिले. त्यांना एकाएकी बराच खोकला आला.

"पियुष, मांगं घे," विमलताई म्हणाल्या.

विहीर पुन्हा आली. या वेळी हडळीकडे कोणी पाहत नव्हते. सगळे दोराकडे पाहत होते. तो हातभर येई, थरथरे, थांबे, पुन्हा हातभर येई.

"शुभदाताई, साक्षगंधाची तारीख काढा," नजर न हलवता विमलताई म्हणाल्या. "ज्या माणसाले परक्या हडळीची काळजी, त्याची पोरगी मले पायजे."

दोर आणखी एकदा थरथरला. विमलताईंनी रामरावांचे मनगट गच्च धरले.

"बंद कर रे, बंद कर! मले भेव लागून राह्यला."

रामराव खुर्चीतून अर्धे उठले. बावीस वर्षांचा थकवा त्यांच्या चेहऱ्यावरून एका क्षणात उतरला.

"खरंच?" त्यांनी विचारले. "पियुषची माय, खरं सांग. खरंच भेव लागला?"