हेसनमध्ये झालेली बरोबरी

या रविवारी मी जिंकणारच होतो! कासेलच्या आमच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं आम्ही जर्मनीच्या प्रांतांच्या निवडणुकांचा तो जुना पुठ्ठ्याचा खेळ खेळलो, आणि सव्वीस वर्षं माझी बायको गिझेला जिंकली. मार्चमध्ये ती गेली. त्यानंतर पट पहिल्यांदाच उघडला होता. आमचे नेहमीचे भिडू डेटलेफ आणि त्याची बायको उटे आले होते. एकदा तरी जिंकायचं, बस्स!

"बव्हेरिया माझा!" मी टेबलावर अशी मूठ आपटली की मतदारांच्या सोंगट्या उडून बशीत पडल्या.

लगेच बेल वाजली. मे महिन्यात वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या ब्रॉखमानबाई!

"रविवारची दुपार आहे! ही काय प्रचारसभा आहे?"

"बसा ना बाई. चौथा पक्ष रिकामाच आहे."

त्या खुर्चीच्या टोकावर टेकल्या. अर्ध्या तासात त्याच ओरडत होत्या, "युती? तुमच्याशी? आधी जाहीरनामा सुधारा!" खालचे शेजारी झाडूनं छत ठोकायला लागले!

शेवटचा प्रांत हेसन. मोजणी झाली आणि माझी अन् बाईंची बरोबरी!

डेटलेफ म्हणाला, "बरोबरीत ज्याचा केक टेबलावर, तो विजयी. नियमच आहे."

"कुठे लिहिलाय?" बाईंनी चष्मा लावला. नियमांची पुस्तिका गिझेलाशिवाय कुणी उघडलीच नव्हती. बाईंनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. "बरोबरीत दोघंही विजयी, असं लिहिलंय. केकबिक काही नाही."

उटे किंचाळली, "अगं बाई! केक तर दर वेळी गिझेलाचाच असायचा! सव्वीस वर्षं फसवलं आपल्याला!"

डेटलेफ हसून हसून खोकायला लागला. "मग घ्या मतदान! गिझेलाचा नियम ठेवायचा का?"

सगळ्यात आधी माझा हात वर! केक मीच मांडला होता ना! अर्धा विजय कुणाला हवाय? तीन विरुद्ध एक. नियम राहिला.

"जिंकलो!" मी खुर्चीवर चढलो.

"ऑर्टविन," उटेनं विचारलं, "केक तू भाजलास?"

"म्हणजे... फ्रीझरमधून मीच काढला."

केकच्या डब्यावरची चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली. "आलुबुखार, सप्टेंबर." अक्षर गिझेलाचं.

डेटलेफनं विजेत्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. मी गुपचूप खाली उतरलो.

ब्रॉखमानबाई म्हणाल्या, "अहो, या बाईंना हरवायचं तरी कसं?"

ते मला कळलं असतं, तर सव्वीस वर्षं हरलो असतो का!