दोन-दोन बोटं सोडून

मांडवीतला एक कावळा.
भाताच्या पेंढ्यातून काढलेला, केसाच्या हजाराव्या भागाइतका बारीक तंतू.
दहा किलोचं वजन, मच्छी बाजारातून उसनं.
तुटलेले दोन हुक.

हुक वेदिकाचे. मातीत कुजून जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये तिनं तो तंतू मिसळला होता. त्या प्लास्टिकची तार थ्रीडी छापयंत्र वितळवतं आणि थरावर थर देऊन वस्तू उभी करतं. तारेत ओल राहिली की वस्तूत बुडबुडे, आणि बुडबुडे म्हणजे तुकडे. म्हणून वेदिका तार कॉलेजच्या भट्टीत सुकवायची. तरीही दोन हुक तुटले होते. आज चार वाजता मुंबईच्या परीक्षक बाईंसमोर तिसरा. त्यानं दहा किलो धरले तर संशोधन चालू, नाही तर बंद.

सकाळी निघताना तिनं भट्टीतून काढून घरी आणलेलं तारेचं रीळ आईसमोर, आवडाबाईंसमोर ठेवलं. "आई, ह्याला ओल नको हां अजिबात. एक वाजता येऊन नेते."

एक वाजता रीळ होतं. तार नव्हती.

"आई, तार कुठाय?"

"सुकत घातलंय."

"कुठे?"

"बोंबील घालतो तिथं. दुसरीकडं कुठं सुकवतात?"

अंगणात बांबूच्या दांड्यांवर दीडशे मीटर पांढरी तार आडवी-उभी ताणलेली होती.

"अगं, गुंडाळलेली होती ना ती!"

"म्हणूनच सोडली. गुंडाळून काय सुकतं गो? आतल्या आत कुबट होतं. मी बुरोंडी बंदरातली हाय, मला नको शिकवूस. दोन-दोन बोटं सोडून घातलंय, दोनदा उलटवलंय."

"आणि हे बोंबील कुणाचे तारेवर?"

"माझे," कुंपणापलीकडून शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या. "दोरी मोकळी दिसली. बरी हाय हां दोरी! जास्तीची असली तर दे."

बोंबील उतरवले. आवडाबाईंनी तार गुंडाळली, गोदूबाईंनी कावळा हाकलला. वेदिकानं फडक्यानं तार पुसली. वास पुसला गेला नाही.

अडीच वाजता यंत्र तापलं आणि प्रयोगशाळेत बोंबील तळल्याचा घमघमाट सुटला. तीन वाजता खिडकीत मांजर आलं. चार वाजता परीक्षक बाई आल्या.

"कच्चा माल माशांपासून काढलाय?"

"नाही मॅडम, पेंढ्यापासून."

"मग हा वास?"

मार्गदर्शक सुजय सर छताकडे बघत म्हणाले, "स्थानिक प्रक्रिया आहे."

हुकला वजन टांगलं. पाच मिनिटं. सात. आठव्या मिनिटाला मांजरानं झेप घेतली आणि वजनाला चारही पायांनी मिठी मारली. वेदिकानं डोळे मिटले.

हुक हलला. तुटला नाही.

"तेरा किलो तरी असतील," बाई म्हणाल्या. "आधीचे दोन तुटले होते ना? या वेळी काय बदललंत?"

"सुकवण्याची पद्धत," वेदिका हळूच म्हणाली.

"अहवालात सविस्तर लिहा."

संध्याकाळी वेदिका वही घेऊन अंगणात बसली. आवडाबाईंनी कोयती बाजूला ठेवली, पदर खोचला आणि घसा साफ केला.

"लिही. पहिलं, कावळ्यावर नजर."

कॉलेजच्या भट्टीतली तापणारी कॉइल गणपतीच्या आधीच, पहिल्या हुकाच्याही आधी, जळली होती; नुसता दिवा लागत होता.