कुमुदबाईंची कर्जमाफी

एका जंगलात शाळा पुष्कळ होत्या, फक्त शिकवायला कोणी नव्हतं.

हसू नका, मुलांनो. शाळा म्हणजे एक झाड, झाडाखाली सावली आणि सावलीत एक फळा. एवढं सगळं सिंहमहाराजांनी दरीदरीत दिलं होतं. उद्घाटनाला ते स्वतः आले होते. हार घालून घेतले होते. मास्तर तेवढे द्यायचे राहून गेले.

मास्तर व्हायचं तर नदीपलीकडच्या गुरुकुलात शिकावं लागे. तिथली फी मधात भरावी लागे, आणि ती इतकी होती की साध्यासुध्या जनावराने तिचं नाव काढू नये. ज्यांना परवडलं ते शिकले, आणि शिकून दरबारात चिकटले. आडबाजूच्या दरीत जाऊन कोण बसतो?

मग एका वर्षी करवंददऱ्यात हरणाची दोन पाडसं शिकाऱ्याच्या खड्ड्यात पडली. खड्ड्याशेजारी दरबाराने लावलेली पाटी होती: ‘पुढे खड्डा आहे.’ पाडसांनी ती पाहिली होती. तिच्यावर पाठ खाजवून ती पुढे गेली होती.

जंगलभर आरडाओरडा झाला. महाराजांना झोप लागेना. शेवटी त्यांनी योजना जाहीर केली. ज्याला शिक्षक व्हायचंय त्याने अस्वलशेठच्या पेढीवरून मधाचं कर्ज घ्यावं. गुरुकुलात शिकावं. मग टंचाईग्रस्त, म्हणजे जिथे शिक्षक नाही, अशा शाळेत पाच पावसाळे शिकवावं. पाच पावसाळे झाले की कर्ज माफ!

ही डरकाळी कुमुद नावाच्या एका सायाळीने ऐकली. कुमुद हुशार होती. तिचे म्हातारे वडील, अण्णा, तिला लहानपणापासून म्हणायचे, “तू मास्तरीण हो. तुझ्यापुढे कोणी दंगा करायची हिंमत करणार नाही.” सायाळीच्या अंगावर काटे असतात, म्हणून ते तसं म्हणायचे.

कर्जाला तारण हवं होतं. अण्णांनी राहतं बीळ लिहून दिलं.

“अण्णा, बीळ?” कुमुद घाबरली.

“अगं, माफच होणार आहे ना!” अण्णा म्हणाले. “महाराजांनी सगळ्यांसमोर सांगितलंय.”

कुमुद शिकली आणि कुमुदबाई होऊन करवंददऱ्यात आली.

पहिल्या दिवशी झाडाखाली बरीच पिल्लं जमली होती. ती फळ्यावर चढून उड्या मारत होती. फळा हा चढायचा असतो अशीच त्यांची समजूत होती. कुमुदबाईंनी काटे जरा फुलवले. पिल्लं खाली उतरली. मग बाईंनी काटे मिटवले आणि एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी पिल्लं उजाडायच्या आत हजर.

या पिल्लांत गुंडी नावाची खवल्या मांजराची पोर होती. खवल्या मांजराला भीती वाटली की ते अंगाचा चेंडू करतं. गुंडीला प्रत्येक प्रश्नाची भीती वाटायची. बाईंनी “गुंडी, तू सांग” म्हटलं की गुंडीच्या जागी चेंडू. बाकीची पिल्लं त्याला लाथ मारून खेळायला बघायची. बाई रागावायच्या नाहीत. त्या चेंडूशेजारी बसायच्या आणि चेंडूलाच हळू आवाजात अक्षरं सांगायच्या. चेंडू ऐकतो की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

पावसाळे गेले. दऱ्यातली पिल्लं पाट्या वाचायला लागली. खड्ड्यांपाशी थांबायला लागली. शिकारी कंटाळून दुसऱ्या दरीत गेले. पगार उशिरा यायचा, तरी बाईंचं काही अडत नव्हतं. भागाबाई नावाच्या रानडुकरिणीची एकामागून एक सगळी पोरं त्यांच्या हाताखाली शिकली होती. ती रोज बाईंच्या दारात चार कंद ठेवून जायची.

पाचवा पावसाळा सरला आणि कर्जमाफीची तपासणी करायला दरबारातून बगळेसाहेब आले. पांढरे स्वच्छ, एका पायावर उभे, अत्यंत सभ्य. त्यांनी शाळा पाहिली. पिल्लांनी त्यांना कविता म्हणून दाखवली. साहेबांचा चेहरा पडला.

“बाई, घोटाळा झाला,” ते म्हणाले. “कर्जमाफी टंचाईग्रस्त शाळेतल्या शिक्षकांना आहे.”

“ही टंचाईग्रस्तच आहे, साहेब. पाच पावसाळ्यांपूर्वी इथे शिक्षकच नव्हता.”

“पण आता आहे.”

“कोण?”

“तुम्ही.”

कुमुदबाईंना वाटलं साहेब थट्टा करताहेत. पण बगळेसाहेबांनी आयुष्यात थट्टा केलेली नव्हती.

“म्हणजे मी इथे आले म्हणून ही शाळा योजनेत बसत नाही?”

“बरोबर.”

“आणि मी आलेच नसते तर?”

“तर बसली असती. पण मग माफी द्यायची कोणाला?” साहेबांनी पाय बदलला. ते मनाने वाईट नव्हते. इकडेतिकडे पाहून ते हळूच म्हणाले, “हे बघा, आजची भेट खाजगी समजा. उद्या मी सरकारी पाहणीला येतो. पिल्लांना काही येत नाही असं दिसलं, तर ‘अध्यापन अपुरे, टंचाई कायम’ असा शेरा मारता येईल. तुमचं काम होऊन जाईल.”

माफी नाही म्हणजे अण्णा उघड्यावर. आणि माफी हवी तर, जे पाच पावसाळे केलं ते झालंच नाही म्हणायचं.

ही बातमी भागाबाईला कळली तशी ती तरातरा आली.

“बाई, तुम्ही काही बोलू नका. पोरांना मी सांगते.”

“भागाबाई, मुलांना खोटं वागायला कसं शिकवू?”

“तुम्ही कुठं शिकवताय? मी शिकवतेय. तुमचे म्हातारे वडील रस्त्यावर येऊ द्यायचे का आम्ही? काही येत नाही म्हणायला काय अक्कल लागते? माझी पोरं उपजत हुशार आहेत त्यात.”

कुमुदबाईंच्या डोळ्यांपुढे अण्णांचा चेहरा आला आणि त्यांना नाही म्हणवेना.

भागाबाईने सगळ्या पिल्लांना गोळा करून दम भरला. “उद्या साहेब काहीही विचारू दे. तोंड उघडायचं नाही. बाईंवर उपकार करायची हीच वेळ आहे.” पिल्लांनी माना डोलावल्या. बाईंसाठी ती काहीही करायला तयार होती.

दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब ऐटीत आले. पिल्लं रांगेत बसली होती, तोंडं घट्ट मिटून. कुमुदबाई फळ्याशेजारी खाली मान घालून उभ्या होत्या.

“दोन आणि दोन किती?” साहेबांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. भागाबाईच्या धाकट्या पोराने आकाशाकडे पाहिलं.

“आपल्या जंगलाचे राजे कोण?”

कोणी बोललं नाही. हे जरा जास्तच झालं, पण साहेबांनी समाधानाने मान हलवली.

“आता शेवटचं. मी फळ्यावर लिहितो, ते कोणाला वाचता येतं का बघू.” साहेबांनी चोचीत खडू धरला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘या शाळेत शिक्षक नाही.’

सगळे गप्प. साहेब शेरा मारायला वळणार, इतक्यात मागच्या रांगेतला चेंडू थोडा उलगडला. त्यातून दोन डोळे बाहेर आले.

गुंडीने भागाबाईचं सगळं ऐकलं होतं. बोलायचा तिचा मुळीच विचार नव्हता. पण फळ्यावरचं पहिलं अक्षर तिला ओळखीचं वाटलं. मग दुसरं. मग तिसरं. अक्षरं एकमेकांचा हात धरून उभी आहेत असं तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि ती कुठे जाताहेत हे बघायचा मोह तिला आवरेना.

“या... शा... ळेत...” तिचा आवाज कोणी आजवर ऐकलाच नव्हता. “शि... क्ष... क... नाही.”

ती उभी राहिली. पूर्ण उलगडलेली.

“पण हे खोटं आहे, साहेब! आमच्या बाई आहेत की!”

भागाबाईने कपाळावर हात मारला. पिल्लं गुंडीकडे रागाने बघायला लागली. साहेबांनी आशेने कुमुदबाईंकडे पाहिलं. अजून सावरता आलं असतं. ‘पोर ऐकून पाठ म्हणते,’ एवढंच बाईंनी म्हणायचं होतं.

कुमुदबाईंनी तोंड उघडलं. त्यांना तेच म्हणायचं होतं. अगदी तेच. पण त्यांच्या तोंडून निघालं, “शाबास, गुंडी! परत वाच बघू.”

साहेबांनी नाइलाजाने शेरा मारला: ‘टंचाई नाही. माफी नाही.’

अस्वलशेठने बीळ ताब्यात घेतलं. अण्णा चालत चालत करवंददऱ्यात आले. लेक रडायला लागली, तेव्हा ते तिला म्हणाले, “पुरे आता. तिथे ओल फार होती.” तिथे ओल अजिबात नव्हती. मग ते शाळेत मागच्या रांगेत जाऊन बसले आणि रोज बसू लागले.

दरबारात मात्र आनंद झाला. करवंददऱ्यातली टंचाई संपली होती आणि मधाचा एक थेंबही खर्च झाला नव्हता. महाराजांनी बाईंसाठी शाल पाठवली. ती पांघरताच काट्यांनी तिची चाळण झाली.

शेजारच्या दरीत लोंबकळे मास्तर नावाचं माकड होतं. त्यानेही हेच कर्ज काढलं होतं आणि पाचही पावसाळे फांदीवर झोपून काढले होते. त्याच्या पिल्लांना खरोखरच काही येत नव्हतं. बगळेसाहेबांना तिथे काडीचाही त्रास झाला नाही. मास्तरांचं कर्ज पूर्ण माफ झालं, मिरवणूक निघाली. त्या दरीत आता शिकारीही खूष होते.

मिरवणूक आटोपून लोंबकळे मास्तर कुमुदबाईंना भेटायला आले.

“बाई, रागावू नका, पण तुमचं गणित चुकलं,” ते फांदीवरून आपुलकीने म्हणाले. “जरा कमी शिकवायला हवं होतं.”

“हो,” कुमुदबाई म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

त्यांना ते मनापासून पटलंही. निम्मा पगार दर महिन्याला अस्वलशेठकडे जाणार होता, तोही कोण जाणे किती वर्षं. उद्यापासून थोडं कमी शिकवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

पण सकाळी शाळेत आल्या तर गुंडी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

“बाई, आज मोठं काहीतरी लिहा ना,” ती म्हणाली. “कालचं फारच लवकर संपलं.”

कुमुदबाईंनी खडू उचलला आणि फळाभर लिहिलं.

तात्पर्य: मुलांनो, मन लावून शिका, खूप शिका. फक्त बाईंचं कर्ज माफ होईपर्यंत ते साहेबांना कळू देऊ नका.