गुलाबी झाक

"महादूकाका, टोपी गुलालात पडली का तुमची?"

गोदामाच्या दारात तंबाखू मळत बसलेल्या महादू वॉचमनने टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा डोक्यावर चढवली. "डोलं तपास गो पोरी. कालच धुतलीय. बगल्यावानी पांढरी हाय."

बकुळाला मात्र ती गुलाबीच दिसत होती. भडक नव्हे, पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं तशी. ती आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. थोड्या वेळाने बाहेर आरडाओरडा झाला. महादू कापडाच्या गाठींवरून पाय घसरून पडला होता आणि त्याचं मनगट मोडलं होतं.

राहनाळला रामनाथ पाटलांच्या गोदामात कॉम्प्युटर आला तो नव्वद साल उलटल्यावर. त्याला धूळ चालत नाही, थंडावा लागतो, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. शेठनी लगेच कोपऱ्यात एक खोली काढली, तिच्या एकुलत्या खिडकीला काळा कागद डकवला आणि एसी बसवला. कामतघरची बकुळा ठाण्याला कोर्स करून आलेली. सकाळी ती त्या अंधाऱ्या गारठ्यात शिरायची आणि संध्याकाळपर्यंत काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघत बसायची. डबासुद्धा तिथेच उघडायची. दाराच्या काचेतून हमालांना अंधारात तरंगणारा तिचा हिरवा चेहरा तेवढा दिसायचा. तिथून जाताना ते आवाज न करता, भराभर पावलं उचलायचे.

महादूचं प्लास्टर वाळतंय न वाळतंय तोच एका सकाळी रामनाथशेठ दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, कडक इस्त्री.

"मी वज्रेश्वरीला चाललू. मागं लक्ष ठेव."

बकुळाने पडद्यावरची नजर काढून वर पाहिलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली. शेठ गळ्यापासून पायापर्यंत गुलाबी होते.

"काय गो? भूत बघितल्यावानी काय बघतंस?"

"शेठ, आज जाऊ नका."

"का?"

"महादूकाकांची टोपी मला अशीच दिसली होती."

शेठ पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी हळूच आपल्या बाहीकडे पाहिलं. जीपपर्यंत गेले, एक पाय आत टाकला, आणि काढून घेतला. "दत्तू, तू एकटाच जा. देवीला माझा नारल दे. माझं पोट बरं न्हाय."

दुपारी दत्तू ड्रायव्हर एकटाच, चालत परत आला. जीप नाल्यात गेली होती. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. "पन शेठ," तो खाली मान घालून म्हणाला, "तुमची बसायची बाजू पार चेपली."

दुसऱ्या दिवसापासून गोदामात पांढरा कपडा औषधाला दिसेना. गावी निघालेला एक हमाल तेवढा पांढरं बनियन हातात घेऊन काचेशी घुटमळला. "मॅडम, गाँव जा रहा हूँ. जरा देख लो." बकुळाने पाहिलं मात्र, तिचा चेहरा बघून त्याने तिकीट रद्द केलं.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ती घरी पोचली, तर दोरीवर आईची बुद्धवंदनेची पांढरी साडी वाळत होती. वाऱ्याने ती फुगत होती, मिटत होती, जणू आत कुणी श्वास घेत होतं. गुलाबी. बकुळा उंबऱ्यातच खाली बसली.

"आई, उद्या विहारात नको जाऊस."

"पौर्निमा हाय, आन घरात बसू?" द्रौपदी म्हणाली. मग पोरीचा हात तिने हातात घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि तिला तशीच नाक्यावरच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. "दिवसभर काय बघतेस?"

"हिरवी अक्षरं."

"मग? हिरवं बघून बघून डोळा हिरव्याला थकतो. पांढऱ्यातलं हिरवं त्याला दिसेनासं होतं, उरतं ते गुलाबी. भूत नाही, काही नाही. थोड्या थोड्या वेळाने उठ, लांबवर बघ, डबा बाहेर खा. तो पडदा कमी कर."

"म्हंजे मी वंदनेला जाऊ ना?" द्रौपदीने विचारलं. आणि गेलीही. बकुळा दिवसभर दाराशी उभी होती. आई आली ती हातात खिरीचा डबा घेऊन, धडधाकट.

बकुळाने खिडकीचा काळा कागद फाडला. अर्धं काम ती उजेडात, कागदावर करू लागली. अधूनमधून बाहेर येऊन लांबच्या डोंगराकडे बघायची. महिना संपायच्या आत तिने महादूला ठेवणीतली टोपी मुद्दाम घालायला लावली, तर ती पुन्हा पांढरी दिसली. तिने आनंदाने शेठना सांगितलं.

शेठचा चेहरा पडला. "म्हंजे आता कायच दिसत न्हाय?"

"काहीच नाही."

"आन माझे भाऊबंद परवा जमिनीच्या बोलनीला येतान, तवा मला सावध कोन करल? उठ. मीच बघतू."

त्यांनी स्वतः पुन्हा काळा कागद डकवला. दार लावून घेतलं. "शेठ, मधे मधे उठा, डोळ्यांना त्रास होईल," बकुळाने काचेतून सांगितलं. आतला हिरवा चेहरा वळलासुद्धा नाही.

दिवस कलल्यावर दार उघडलं. शेठ चौकट धरून बाहेर आले. लाल डोळ्यांनी त्यांनी रिकाम्या गोदामात चौफेर पाहिलं, आणि त्यांची नजर बकुळाच्या पांढऱ्या ओढणीवर येऊन थांबली. ते एक पाऊल मागे सरले.

"पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आज रिक्षानं जाऊ नको."

"शेठ, अहो तो डोळ्यांचा थकवा असतो! पांढऱ्यातलं हिरवं…"

"आसंल. डाक्टर बोलतो तसाच आसंल. पन रिक्षानं जाऊ नको."

बकुळा हसत हसत बाहेर पडली. फाटकाशी रिक्षा उभीच होती.

"कामतघर? बैठो."

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला तोंडपाठ होतं. रिक्षावाल्यालाही तिने ते सहज समजावून सांगितलं असतं.

"नको," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या अगदी कडेने, ट्रकांकडे एक डोळा ठेवून, पाऊल बघून पाऊल टाकत चालू लागली.