सिंगापूर आले होते

आमच्या समोर राहणारे बापूसाहेब जाधव सकाळी दार उघडल्यावर दूध आलं का, पेपर आला का, असलं काही विचारत नसत. अंगणातूनच मला हाळी देत, "सुधीरराव, काल सिंगापूर आले होते!"

गल्लीत नव्याने राहायला आलेला माणूस हे ऐकून दचकायचा. बापूसाहेब गावांना माणसांसारखं वागवत, आणि तेही आदरार्थी बहुवचनात. "धार पहाटे पाचलाच येऊन गेले. मेहुणे आमचे, झोप नाही त्यांना. रतलाम आठवडाभर फिरकले नाहीत. इंदूर आले, पण उंबऱ्यातूनच परत. त्यांना कुठे सवड?" ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा कामातून गेला. खरी गोष्ट एवढीच होती, की बापूसाहेब ब्लॉग लिहीत, आणि ब्लॉगच्या कोपऱ्यात कोणत्या गावाहून कोण डोकावलं हे दाखवणारी एक पाटी होती.

ती पाटी मीच लावून दिली होती. ब्लॉगही मीच काढून दिला होता. बापूसाहेब वीज कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले, वर्षभरात त्यांच्या पत्नी, आमच्या काकीसाहेब, गेल्या, एकुलती एक लेक लग्न होऊन सिंगापुरात. मग एक दिवस ते हिंदी पेपरातलं कात्रण घेऊन आले. 'छंदही जोपासा, पैसाही कमवा' अशा अर्थाचं काहीतरी होतं. म्हणाले, "आमचे पणजोबा देवासच्या दरबारात रोजनिशी लिहीत. लेखणी आमच्याही रक्तात आहे. यंत्र तेवढं आपण चालवून द्या."

विषय ठरला आरोग्याच्या सवयी. भाषा मराठी, आणि तीही पणजोबांची. देवासातल्या मराठी घरांत आता "चल भिया, खाना खा ले, मग जाऊ" असं बोललं जातं, आणि बापूसाहेब लिहीत, "प्रातःकाळी उठोन मुखप्रक्षालन करावे." मी म्हटलं, हिंदीत लिहा, निदान चार लोक वाचतील. ते म्हणाले, "हिंदी कचेरीची. घरच्या माणसांशी कचेरीत बोलतात तसं बोलावं का?" लेख टाकला की ते त्याला 'खलिता सुटला' म्हणत.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. स्वतः करून पाहिल्याशिवाय ते कोणतीही सवय लोकांच्या गळ्यात मारत नसत. 'अनुभवाअंती सांगतो' हे त्यांचं पालुपद होतं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, हे लिहिण्याआधी त्यांनी धारला एका लग्नात प्रयोग केला. पंगत उठली, खरकटं निघालं, दुसरी पंगत बसून तीही उठली, आणि बापूसाहेब अजून पहिल्या वरणभातावर. यजमानांना वाटलं, मानपानात काही चुकलं म्हणून पाहुणे रुसलेत. तीन माणसं हात जोडून समोर उभी राहिली. तोंडात घास असल्यामुळे यांना खुलासा करता येईना, कारण बत्तीस व्हायला अजून अकरा बाकी होते.

उलटं चालण्यानं गुडघे सुधारतात, हे कळल्यावर ते टेकडीच्या पायथ्याला पाठमोरे चालू लागले. तिसऱ्या दिवशी पोह्याच्या गाडीवर जाऊन आदळले. गाडीवाला ओरडला, "बापूसाब, पीछे भी तो देखो!" बापूसाहेबांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, "उलट चालताना सोबतीस एक सुलट चालणारा असावा." सोबतीस अर्थात मी. महिनाभर मी त्यांच्याकडे तोंड करून चालत होतो आणि अख्खं देवास आमच्याकडे पाहून हसत होतं.

एकदा मात्र ते खरोखर अडचणीत आले. त्यांनी शेवेविरुद्ध लिहिलं. माळव्यात माणसाने सरकारविरुद्ध लिहावं, देवाविरुद्ध लिहावं, पण शेवेविरुद्ध लिहू नये. लेख कुणी वाचला नव्हता, पण बातमी फुटली. कोपऱ्यावरचा शेववाला रस्ता अडवून उभा राहिला. "बापूसाब, चालीस साल से आप मेरे ग्राहक, और आप ही ऐसा लिखोगे?" दुसऱ्याच दिवशी खलिता सुटला, 'शेव : एक पुनर्विचार'. अनुभवाअंती त्यात असं म्हटलं होतं, की थोडी चालते.

कमाईचं म्हणाल तर ती व्हायची राहिली. जाहिराती येत, पण त्यांना समयोचित कसं वागावं हे ठाऊक नव्हतं. 'साखर सोडा' या लेखाच्या डोक्यावर केकची जाहिरात. "उपासाच्या कीर्तनात लाडवाचं ताट फिरवल्यासारखं आहे हे," बापूसाहेब म्हणाले. एकदा मात्र वाचकांची झुंबड उडाली. 'सोयाबीनचे गुण' असा लेख होता, आणि बदनावरच्या मंडीतले व्यापारी भाव बघायला म्हणून येऊन गेले. दोन दिवस बापूसाहेब हवेत. "बदनावर लोटलं आहे, सुधीरराव!" तिसऱ्या दिवशी बदनावरला सोयाबीनचे गुण कळले आणि ते कायमचं गेलं.

बाकी सगळे येत-जात राहिले. न चुकता येणारं एकच, सिंगापूर. रविवार सोडून रोज, दुपारच्या सुमारास.

सिंगापूर म्हणजे ताईसाहेब, यात बापूसाहेबांना तिळमात्र शंका नव्हती. ताईसाहेब म्हणजे त्यांची लेक मृणाल. या घराण्यात लेकीलाही 'आपण' म्हणायचा रिवाज. "जेवणाच्या सुट्टीत वाचत असणार," ते म्हणत. "आम्ही त्यांना विचारत नाही हो. विचारलं तर लाजून यायच्या थांबतील. येताहेत ना, येऊ देत." आणि मग हळूच, "पाण्याचं लिहिलं होतं परवा. आता पीत असतील."

माझ्यावर मात्र त्यांचा राग होता. मी रोज ब्लॉग उघडीन असा शब्द दिला होता, आणि पाटीवर देवास एकच दिसे. "तो एक म्हणजे आम्ही स्वतः. मग आपण कुठे आहात?" मी शपथेवर सांगे, की रोज कारखान्यात डबा खाताना उघडतो. ते "असेल, असेल" म्हणत, म्हणजे खोटं बोलता असं म्हणत. मी म्हणे, तुमची पाटी बिघडली आहे. आणि मी खरंच रोज उघडत होतो. उघडत होतो एवढंच. एका हाताने डब्याचं झाकण काढायचं, दुसऱ्या हाताने टिचकी मारायची, की दिलेला शब्द पाळल्याचं पुण्य पदरात.

अडीच वर्षं अशी गेली.

मग गेल्या चैत्रात सिंगापूर यायचं बंद झालं. पहिले दोन दिवस बापूसाहेब काही बोलले नाहीत. आठवड्याने त्यांचा चेहरा उतरला. पाटीवरच्या बाकी गावांकडे ते बघेनासे झाले. त्यांनी लेख आखूड केले, मग लांब केले, मग एकाच दिवशी दोन टाकले. "फोन करा की," मी म्हटलं. ते म्हणाले, "लेकीच्या संसारात फोन करून 'का येत नाही' विचारायचं? बरं दिसत नाही ते. प्रकृती बरी नसेल. किंवा आमचंच काही चुकलं असेल लिहिण्यात." आणि ते जुने लेख काढून, काय चुकलं ते शोधत बसले.

त्याच सुमारास कारखान्यात नेटची नवी लाईन आली. आमच्याकडचा संगणकवाला सहज बोलता बोलता म्हणाला, "अब फास्ट चलेगा, भिया. पहले अपना नेट हेड ऑफिस के चक्कर में सिंगापुर घूम के जाता था. अब सीधा यहीं से." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी घाईघाईने बापूसाहेबांचा ब्लॉग उघडला. कोपऱ्यातल्या पाटीवर देवास दोन झाले होते.

संध्याकाळी घरी जाऊन मी मृणालला फोन लावला. लहानपणी ती आमच्या गल्लीत माझ्याबरोबर लंगडी खेळलेली, म्हणून अजून मला भिया म्हणते; वडिलांना आबासाहेब.

"आबासाहेबांचा ब्लॉग? सच बोलू का, भिया? एकदाच उघडला होता, सगळ्यात पहिला. दोन ओळीत दम निघाला माझा. मी हिंदी स्कूलमध्ये शिकलेली, मला तर ती पोथीच वाटली. ऐकलं की कळतं रे, पण वाचायला बसलं की थकून जाते. आणि ते सब के लिए लिहितात ना, मला काय त्याचं?" मग म्हणाली, "मी आधी हर हफ्ते फोन करायची. ते म्हणायचे, सगळं लिहिलेलं आहे, वाचा, ठेवतो. आधा मिनट बस. मग मी पण कमी केला. वाटलं, आई गेल्यावर माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे काही उरलंच नाही."

मी फोन ठेवला. बाप रोज लेकीशी बोलतो आहे अशा समजुतीत होता, म्हणून फोनवर बोलत नव्हता. लेक बापाच्या बोलण्याची वाट बघून थकली होती. आणि मध्ये मी, डबा खात टिचक्या मारणारा. वाईट वागलो असतो तर निदान पश्चात्ताप तरी धड करता आला असता. मी तर शब्द पाळत होतो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी समोर गेलो आणि सांगून टाकलं. "बापूसाहेब, सिंगापूर म्हणजे मी होतो."

ते आधी हसले. मी कारखान्याच्या नेटचं सगळं समजावून सांगितलं. हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे ताईसाहेब?"

"एकदा आल्या होत्या. पहिल्या लेखाला. त्यांना वाचायला जमत नाही."

त्यांनी मान हलवली. अंगणातल्या तुळशीकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून म्हणाले, "पण आपण रोज येत होता. मग तो न्याहारीवरचा कसा वाटला? फाल्गुनातला? त्याला फार वेळ लागला होता आम्हाला."

खोटं बोलता आलं असतं. अजूनही कधी वाटतं, बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मी वाचत नव्हतो, बापूसाहेब. नुसता उघडत होतो."

ते चिडले असते तर मी सुटलो असतो. ते उठले, आत गेले, आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. "घ्या. ऊन आहे," म्हणाले.

मी तिथेच बसून मृणालला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "बोला आबासाहेब. सब ठीक?" सहाशेच्या वर खलिते सोडलेला माणूस त्या यंत्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक. आपण?" "ठीक." मीच म्हटलं, "वाचून दाखवा ना. ऐकलेलं कळतं तिला."

लेख ते आधी वहीत लिहीत. त्यांनी वही आणली, चष्मा लावला, आणि न्याहारीवरचा लेख वाचायला घेतला. मीही तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लेकरास उपाशीपोटी घराबाहेर धाडू नये. एके वर्षी आम्ही रागाच्या भरात एका लहान मुलीस न्याहारी न देता, डब्याविना शाळेत धाडिले. अपराध इतकाच, की तिच्या हातून आमचे पेन मोडले. दुपारी कचेरीत आम्हांस घास उतरला नाही. सायंकाळी ती आली आणि काही न बोलता अभ्यासास बसली. क्षमा मागावी असे मनात आले. धाडस झाले नाही. ते आजतागायत झालेले नाही. सबब वाचकांनी न्याहारी कदापि चुकवू नये."

"आबासाहेब," मृणाल म्हणाली, "मला ये याद भी नहीं. खरंच आठवत नाही."

"आठवत नाही?"

"नाही हो."

बापूसाहेबांनी वही मिटली. "बरं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं." सहाशे खलिते ज्या एका गोष्टीभोवती फिरत होते, ती तिला आठवतही नव्हती. फोनवर दहा मिनिटं बोलले असते, तर हे त्यांना अडीच वर्षांपूर्वीच कळलं असतं. ती अडीच वर्षं मी कुठून आणून देणार होतो?

"जेवण झालं का आपलं?" त्यांनी विचारलं.

"अजून कुठे? बनाना है. तुमचं ऐकून झालं की करते."

"करा, करा. फोन मात्र ठेवू नका. आम्ही धरून बसतो."

त्यांनी स्पीकर बंद करून घेतला आणि फोन कानाला लावला. मी उठायला हवं होतं, पण पाय निघेना. मग फोनवर हात ठेवून ते हळूच मला म्हणाले, "फोडणी दिली." जरा वेळाने, "जिऱ्याची असावी." मी काहीतरी बोलणार असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प बसायची खूण केली, आणि डोळे मिटून ऐकत राहिले.